काच सांभाळ

इंद्रपुरी, भोपाळ
६ नोव्हेंबर २०२४

विकी,

तुरुंगात मुलाकातीच्या खिडकीशी आई असते, आणि आई असली की आपण दोघं "जेवलास का" आणि "जेवलो" यापुढे जात नाही. म्हणून हे पत्र. हसू नकोस. कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच मी पोस्टात रांग लावली, आणि तीही एका हाताने.

डावं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. प्लास्टरच्या आत खाज सुटते, मग आईची स्वेटरची सुई घालून खाजवते. बाकी मी ठणठणीत आहे. तो खाणीचा मॅनेजर परीक्षित मात्र अजून शुद्धीवर नाही. त्याची बायको दवाखान्याच्या जिन्यावर बसलेली असते असं ऐकलं.

पोलिसांना मी जे आठवतं तेच सांगितलं. खाणीत शिरायची परवानगी माझ्याकडे होती. मॅनेजर असून त्याने कागद वाचलाही नाही, "निकल यहाँ से" म्हणाला. मी दगडांच्या नमुन्यांची पिशवी सोडेना, तेव्हा त्याने मला वरच्या पायरीवरून खाली ढकललं. डोळ्यांत भुकटी गेली, क्रशरच्या धडधडीत काही ऐकूही येईना. डोळे पुसून वर बघते तर तू माझाच हातोडा घेऊन त्याच्यावर तुटून पडला होतास. पहिला घाव मी पाहिला नाही. पुढचे पाहिले. तो पडल्यावरही तू थांबला नाहीस. हातोड्याला केस चिकटलेले होते विकी, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

मी म्हणाले, माझा भाऊ पहिल्यापासून तापट आहे, मला पडलेलं पाहिलं आणि त्याचं भान गेलं, एका क्षणाचाही उशीर झाला नाही. अच्युतराव वकील म्हणतात, या शेवटच्या वाक्यावर अख्खी केस उभी आहे. रागाच्या भरात घडलं तर शिक्षा वेगळी, थंड डोक्याने केलं तर वेगळी.

जेवतोस ना नीट?

तुझी
अपर्णाताई

---

१९ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं, फोडलेलं. इथे सगळ्यांची पत्रं आधी वाचतात. मराठी वाचायला ऑफिसात नारायणराव म्हणून एक आहेत, मूळ अमरावतीचे. पाकीट देताना म्हणाले, "ताई छान लिहितात हो तुमच्या." आता समजून घे काय ते. केसचं एक अक्षर लिहू नकोस. दगडांचं लिही.

पहिल्याच आठवड्यात बैरकमधल्या एकाने माझं ब्लँकेट ओढलं. मी त्याचा कान चावला. मतलब खरंच चावला, तोंडात तुकडा आला. बदल्यात चौघांनी मला नळापाशी धरून हाणलं आणि समोरचा दात गेला. आता कोणी छेडत नाही. आईला सांग, दात किडला होता, काढला.

अश्विनी एकदाही आली नाही. बायको आहे माझी, जगाला काय भ्यायचं? तिला म्हणावं, लाज वाटून घेऊ नकोस. स्वरदाला सांगा, बाबा कामाला बाहेरगावी गेलेत. सहा वर्षांच्या पोरीला काय कळतंय!

आणि एक सांग यार. ज्या हिरव्या खड्यांपायी एवढं रामायण झालं ते खडे नक्की बोलतात काय? जीप चालवता चालवता मी तुझं सगळं ऐकायचो, पण डोक्यात कधी घेतलं नाही. आता इथे वेळच वेळ आहे.

विकी

---

इंद्रपुरी
८ डिसेंबर

विकी,

परीक्षित गेला. मंगळवारी पहाटे. तुला वकिलांकडून कळलं असेलच.

त्याच संध्याकाळी त्याचे भाऊबंद दोन डंपर घेऊन आपल्या गल्लीत आले आणि फाटकासमोर काळ्या गिट्टीचा ढीग ओतला. मग त्याच ढिगातून मुठी भरभरून घरावर मारली. पुढच्या खोलीची एकही काच राहिली नाही. आई देवापाशी होती, तिच्या कपाळाला टाके पडले. शेजारचे सगळे दारं लावून आत बसले. मी त्यांच्यातल्या एकाच्या पाठीत फावडं घातलं. एका हाताने, पण जोरात बसलं. त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही, आणि त्याचीच आता भीती वाटते.

तू दगडांचं विचारलंस. ऐक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ही सगळी जमीन फाटली होती. डोंगराच्या टोकातून धूर वगैरे नाही, मैलोन् मैल लांबीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि जे होतं ते गाडून टाकलं. त्यावर थर साचायच्या आत दुसरा पूर. भोपाळपासून पार सह्याद्रीपर्यंत आपण त्याच काळ्या दगडावर घरं बांधून राहतो. आता प्रश्न असा, की खाली, शंभर किलोमीटरखालच्या प्रावरणात, केवढी आग असेल तर एवढा उद्रेक होईल? तिथे जाऊन थर्मामीटर लावता येत नाही. हाताला लागतो तो थंडगार दगड. त्यात हिरवे खडे असतात, ऑलिव्हीनचे. शिलारस जितका तापलेला तितकं त्यांच्यात मॅग्नेशियम जास्त. ते मोजायचं आणि उलट हिशेब करत मूळ आगीपर्यंत जायचं.

साधं प्रावरण साडेतेराशे अंशांचं. त्या दिवशी जो नमुना मी छातीशी धरून पडले, त्याने दिले सोळाशे वीस. मी तीनदा हिशेब केला. एवढा आकडा आपल्या इकडच्या दगडात कुणाला सापडलेला नाही.

अपर्णाताई

---

२७ डिसेंबर

ताई,

मेला तर मेला. असं लिहिलं खरं, पण रात्री डोळा लागला नाही. आईच्या कपाळाचं वाचलं तेव्हा भिंतीवर डोकं आपटलं, इथल्या डॉक्टरने मलाही टाके घातले. आता मायलेकांचे टाके जुळले.

सोळाशे वीस! शाब्बास. म्हणजे इतकी आग, की मध्ये कुठे थांबायला जागाच नाही. खालून निघाली ती थेट फुटून बाहेर. बरोबर ना? आपल्या घराण्याचं तेच आहे बघ. बाबा आठव. कारखान्यातून आले आणि काही बिनसलेलं असलं की घर हादरायचं. मला पट्ट्याने फोडून काढायचे, पाठीला बकलचे वळ उठायचे. आई हळद लावताना काय म्हणायची? "राग आला की त्यांना भान राहत नाही रे, मनाने वाईट नाहीत." तेच रक्त माझ्यात आलं, मी काय करणार! मनोहररावांचा पोरगा आहे शेवटी.

नारायणरावांनाही तुझं दगडांचं फार आवडलं. पुढचं पत्र कधी येतं म्हणून विचारत होते.

विकी

---

इंद्रपुरी
१६ फेब्रुवारी २०२५

विकी,

सोळाशे वीस चुकलं. चूक माझीच, आणि अशी, की विद्यार्थ्याने केली असती तर मी वही फेकून मारली असती. खाणीत मी हावरटासारखा सगळ्यांत हिरवागार तुकडा उचलला. तिथे खडे दाट होते, कारण ते तळाशी बसले होते. पातेल्यातली तळची डाळ वाढायची आणि म्हणायचं, बघा आमचं वरण किती घट्ट! खरा आकडा चौदाशे ऐंशीच्या आसपास आला. आग होतीच, चांगली होती, पण मी समजत होते तेवढी नव्हती.

आणखी एक. मी खड्यांचे पातळ काप करून यंत्राखाली घातले. प्रत्येकाच्या कडेला वेगळा थर निघाला. म्हणजे तो रस खालून थेट बाहेर फुटला नाही. वाटेत एका पोकळीत थांबला. तिथे निवला, पुष्कळ काळ निवला, आणि मग वर येऊन एवढा सत्यानाश केला. तुझं ते "मध्ये थांबायला जागाच नाही" खोटं ठरलं.

रविवारी जीप धुवायला काढली. पोलिसांनी फोटो काढून तेव्हाच सोडली होती, पण मला तिच्यात बसवेना म्हणून तशीच उभी होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात तुझं घड्याळ मिळालं. बाबांचं, त्यांच्यामागे तू घालायचास ते. रुमालाची चौघडी करून त्यावर काच वर करून ठेवलेलं होतं.

 बाबा तुला मारायच्या आधी काय करायचे, आठवतं? घड्याळ काढायचे. सावकाश, बक्कल सोडून. माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हे धर. काच सांभाळ." मग पट्टा. मी दोन्ही हातांत घड्याळ धरून उभी राहायची आणि तू ओरडायचास. ज्याला भान राहत नाही तो घड्याळाची काच कशाला सांभाळेल? आईच्या त्या वाक्यावर मी इतकी वर्षं काढली, एकदाही हा विचार मनात आला नाही.

खाणीत जीप पार तोंडाशी, उताराखाली लावलेली होती. तू घड्याळ कधी काढलंस?

ताई

---

२ मार्च

ताई,

कसल्या कसल्या गोष्टी घेऊन बसतेस! घड्याळाचा पट्टा तुटला होता म्हणून सकाळीच काढून ठेवलं होतं. बस. एवढीशी बात.

केसचं लिहू नको म्हटलं होतं ना? नारायणरावांनी या वेळी पाकीट देताना तोंडातून शब्द काढला नाही.

तुझी साक्ष जुलैत लागेल म्हणतात. जे पहिल्यांदा सांगितलंस तेवढंच सांग. तुझ्या डोळ्यांत भुकटी होती, तुला वेळेचं काय कळणार? मी तुझ्यासाठी हात उचलला ताई. तुला ढकललं म्हणून. हे विसरू नकोस. कमी शिक्षेवर सुटलो तर चार-पाच वर्षांत घरी येईन, स्वरदा दहाची असेल, तिला सायकल शिकवीन. नाहीतर तिच्या लग्नातही मी नसेन. तुझ्या एका वाक्यावर आहे सगळं. पाया पडतो तुझ्या.

विकी

---

इंद्रपुरी
११ मार्च

विकी,

पट्टा शाबूत आहे. मी माझ्या मनगटावर बांधून पाहिला.

अपर्णा

---

२४ जुलै

बाईसाहेब,

काल कोर्टात तुम्ही पर्समधून रुमाल काढलात, तो उलगडलात आणि न्यायाधीशांच्या समोर घड्याळ ठेवलंत. मला वाटलं माझी बहीण चष्मा पुसायला रुमाल काढतेय. अच्युतराव डोक्याला हात लावून बसले. आई मागच्या बाकावर होती. तिचा जो आवाज निघाला तो तुला ऐकू आला का? मला आला. बाबांचा पट्टा बसायचा तेव्हाही ती असा आवाज काढत नसे.

कसाई परवडला. तुला दगडांत थर दिसतात, माझी पाठ नाही दिसली? बाबा मला फोडायचे तेव्हा तू काय करत होतीस? घड्याळ धरून उभी! तेव्हा धरलंस आणि आता दिलंस. मी तुझ्यासाठी खून केला आणि तू मला जन्मठेपेच्या तोंडी दिलंस. हातात सापडलीस तर गळा दाबीन. हे नारायणरावांनी वाचलं तरी चालेल, सरकारी शिक्का मारून पाठवा म्हणावं.

मला पुन्हा लिहू नकोस. माझी बहीण मेली.

विक्रांत

---

इंद्रपुरी
१५ ऑगस्ट

विकी,

मेलेली बहीण लिहिते आहे. फाडायचं तर वाचून फाड.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि पाठ फिरवते. तिचं चूक नाही. पण तुला एक गोष्ट माहीत नाही, आणि ती साक्षीआधी मी लिहिली असती तर तू अश्विनीच्या मागे माणसं लावली असतीस, म्हणून गप्प राहिले.

तुझं "पट्टा तुटला होता" वाचूनही मी ठरवलं होतं, की पहिलंच सांगायचं. खरंच. तुला वाचवायचं असंच ठरलं होतं. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. मला ढकललं होतं, माझं हाड मोडलं होतं, आणि तू माझा पाठचा भाऊ आहेस. मरणारा मेला, त्याच्या जिवाला मी काय करू, असंही मी मनाशी म्हणून झाले होते. देवाने त्याबद्दल मला काय द्यायचं ते देवो.

मग जूनमध्ये सोनागिरीला तुझ्या घरी गेले. म्हटलं घड्याळ अश्विनीकडे ठेवावं, माझ्याकडे नको, नवऱ्याची वस्तू आहे. तिने चहा ठेवला होता. आम्ही शाळेच्या गणवेशाचं काहीतरी बोलत होतो. मी पर्समधून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. नुसता टक् असा आवाज झाला.

अश्विनीने गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता ती हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवायला लागली. एकेक करून, घाई न करता, ओट्यावर ठेवत गेली. काय करतेय ते तिलाही कळत नव्हतं विकी. मी "अगं" म्हणाले तेव्हा ती भानावर आली आणि बांगड्यांकडे बघतच राहिली.

आणि स्वरदा आतल्या खोलीतून चित्र रंगवायचं सोडून आली. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्यासमोर उभी राहिली, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, "आत्या, दे. मी धरते. मला काच सांभाळता येते."

मी ती पोर उचलली आणि ओरडून रडले. गल्ली गोळा झाली तरी मला पर्वा नव्हती. तू तुझ्या लेकीच्या हातात घड्याळ देतोस? तेच वाक्य? कुठून आणलंस रे ते तोंड? बाबांनी तुझी पाठ सोलली तेव्हा मी दहा वर्षांची होते, मला काही करता आलं नाही. आज मी बेचाळीसची आहे. स्वरदा सातची होईल. ती बेचाळीसची होईपर्यंत तिने घड्याळ धरून उभं राहायचं का?

तू म्हणतोस माझ्यासाठी हात उचललास. काही अंशी खरं असेल. पण तू उतार उतरून जीपपर्यंत गेलास. रुमालाची घडी केलीस, घड्याळ काढलंस, हातोडा निवडलास, पुन्हा चढ चढून आलास. तोवर परीक्षित पाठमोरा फोनवर होता, माझ्यासाठीच गाडी बोलावत होता. हे कोर्टात क्रशरवाल्याने सांगितलं तेव्हा तू मान खाली घातलीस. मी तुझ्याकडेच बघत होते.

मला वाटत होतं आपल्या घरात आग आहे. आग नव्हती रे. निवांतपणे मारणारी माणसं होती, आणि आम्ही बायका त्याला राग म्हणत होतो.

अश्विनीने बांगड्या पुन्हा भरल्या. हिरव्या.

अपर्णा

---

११ जानेवारी २०२६

ताई,

जन्मठेप झाली ते तुला ठाऊक आहेच. तुझं ऑगस्टचं पत्र मी फाडलं होतं. मग नारायणरावांकडून डिंक मागून चिकटवलं. आता ते रिटायर झाले, जाताना म्हणाले, "मलाही एक मुलगी आहे."

अश्विनीला मी पत्र लिहिणार नाही. तिने तुझ्याकडून घटस्फोटाचे कागद पाठवावेत, सही करतो. स्वरदाला सायकल तू शिकव. तुला स्वतःला येत नाही, तर आधी तू शीक.

तू विचारलं होतंस, घड्याळ कधी काढलं. सांगतो. जीपपाशी गेलो तो तुझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला. आईशपथ. बाटली हातात घेतली होती. मग वाटलं, आता याला मारायचं. आणि वाटलं तेव्हा अंगात काहीच नव्हतं, ना आग ना काही. बरं वाटलं. घड्याळ काढताना फार बरं वाटलं. स्वरदा नव्हती म्हणून रुमाल काढला. अनावर वगैरे काही नाही ताई. घरीही कधी नव्हतं. बाबांनाही नसणार.

इथे घड्याळ घालू देत नाहीत. तरी माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जातो. परवा जेवणाच्या रांगेत एकजण माझ्या ताटात थुंकला. वर आईवरून शिवी दिली. माझा हात गेला मनगटावर, तिथे नुसतं हाड. मी ते मनगट घट्ट आवळून धरलं आणि तसाच उभा राहिलो. सगळे वाट बघत होते. तो पण. नखं रुतून रक्त आलं. मग मी ताट धुवायला गेलो.

पण तू लगेच खूश होऊन आईला सांगायला धावू नकोस. एका दगडावरून आकडा काढत नाहीत, असं तूच म्हणतेस.

विकी